पाटीचं गाणं आणि निवडक बारा

ज्या गाण्यामुळे माझी वहिनी चार तालुक्यांत ओळखली गेली, ते गाणं माझ्या वडिलांनी माझ्यासाठी लिहिलं होतं. हे वाक्य मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. मनात मात्र इतक्या वेळा म्हटलंय, की आता त्यालाही चाल लागली आहे.

मी तिसरीत होते. आमचं गाव देऊळघाटच्या अलीकडे, आणि शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मधल्या नाल्यात माझा पाय घसरला, पाटी दगडावर आपटली आणि तिचे तीन तुकडे झाले. पाटीचं मला फारसं काही नव्हतं. तिच्यावर मी घरून बाराखडी लिहून नेली होती, तिच्यासाठी मी रडत होते. "माही अक्षरं बी फुटली," असं म्हणत मी घरभर फिरले म्हणे. वडील बुलढाण्याला एका कचेरीत शिपाई होते आणि गावात आमच्या गायन पार्टीचे मुख्य. पेटी तेच वाजवायचे, गाणी तेच लिहायचे. तरुणपणी देऊळघाटच्या एका कव्वालाकडे बसून ते ठेका शिकले होते, म्हणून आमच्या पार्टीच्या गाण्यांना टाळ्यांची अशी जोड असायची की बसलेला माणूस मांडी हलवायला लागायचा. माझी पाटी फुटली त्याच आठवड्यात त्यांनी गाणं केलं. धृपद होतं, "फुटली पाटी तरी माय, अक्षर काही फुटत नाही."

पुढची दहा वर्षं ते गाणं माझं होतं. जयंतीचा महिना असो, विहारातला कार्यक्रम असो, कुणाचं लग्न असो, रात्री लोक पेंगायला लागले की वडील पेटीवरून मान वर करून माझ्याकडे बघायचे. लहान होते तेव्हा मला स्टुलावर उभं करायचे, कारण माईकची दांडी खाली यायची नाही. बाया पदर डोळ्याला लावायच्या. कार्यक्रम संपला की कुणीतरी माझी हनुवटी धरून म्हणायचं, "हीच का ती पाटीवाली?" दुसरं काही ऐकायची मला इच्छाच नव्हती.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी धामणगाव बढेकडची. तिच्या घरात गाण्याचं कुणी नव्हतं. कापूस वेचताना बाया म्हणतात ते, आणि पाळण्याची दोन-तीन, एवढंच तिला येत होतं. लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी ती ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती आणि आपल्याशीच काहीतरी म्हणत होती. वडील आत पेटीची भाता-पट्टी पुसत होते. त्यांचे हात थांबले. मी समोरच अभ्यासाला बसले होते, मला ते थांबलेले हात दिसले. त्यांनी मान तिरकी केली, जशी मी नवीन गाणं पाठ करून म्हणून दाखवायचे तेव्हा ते करत. पण माझ्या वेळी दोन ओळींनंतर मान सरळ व्हायची. त्या दिवशी सुपातली ज्वारी संपली तरी मान तिरकीच होती.

"सूनबाई," त्यांनी बाहेर येऊन विचारलं, "हे कुठं शिकलीस?"

"शिकली नाई मामाजी. असंच."

ते "असंच" माझ्या पोटात जे जाऊन बसलं ते आजही तिथेच आहे. मी सकाळी उठून पाण्यात उभं राहून सूर लावायचे, आंबट खायचे नाही, थंड पाणी प्यायचे नाही. आणि ही असंच.

पुढच्या दोन वर्षांत ती पार्टीत आली. आधी कोरसमध्ये, मग एखादं गाणं, मग बरीचशी. पाटीचं गाणं मात्र माझंच राहिलं. त्याला कुणी हात लावला नाही. वहिनीही नाही. मी म्हणायला उठले की ती झांज हातात घेऊन मागे सरकायची. मी डी.एड.ला बुलढाण्याला जात होते, तिथल्या मैत्रिणींना मी सांगत असे की आमची कॅसेट निघणार आहे, त्यात पहिलं गाणं माझं आहे.

कॅसेट खरंच निघणार होती. अकोल्याच्या एका लहानशा कंपनीने वडिलांना बोलावलं होतं. आम्ही सगळे सकाळच्या एसटीने निघालो. वहिनीला तिसरा महिना होता, सारा रस्ता ती लिंबू हुंगत खिडकीशी बसली होती. मला त्या दिवशी तिची कीव आली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यानंतर तिची कीव करायची संधी मला पुन्हा मिळाली नाही.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, तिला सगळीकडून गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं. काचेपलीकडे कानाला हेडफोन लावलेला एक माणूस. मी पाटीचं गाणं म्हटलं. त्याने हात वर केला. पुन्हा म्हटलं. पुन्हा हात. चौथ्यांदा झाल्यावर तो बाहेर आला आणि अगदी चांगल्या शब्दांत वडिलांना म्हणाला, "सुरात आहे हो, एकदम सुरात आहे. पण शाळेत म्हणतात तसं येऊन राहिलं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मागे वळून ते म्हणाले, "सूनबाई, तू म्हनून पाय एकडाव. नुसता आवाज पाहू."

पहिल्याच वेळी झालं. त्या माणसाने हात वर केला नाही. उलट गाणं संपल्यावरही तो बराच वेळ बटणावर बोट ठेवून तसाच बसला होता.

येताना बसमध्ये वडील माझ्याजवळ बसले. चिखली आल्यावर मग म्हणाले, "गानं कोनाच्या बापाचं नसते पोरी. ज्याच्या गयात बसलं, त्याचं."

गाणं माझ्याच बापाचं होतं. पण हे त्यांना तोंडावर म्हणण्याइतकी मी मोठी झाले नव्हते.

पुढे अकरा-बारा वर्षांत आमच्या पार्टीच्या नऊ कॅसेटी निघाल्या. कव्हरवर वहिनीचं नाव मोठ्या अक्षरात, मग वडिलांचं, आणि खाली बारीक टाइपात "साथ" म्हणून आम्ही बाकीचे. प्रत्येक कॅसेटवर एक गाणं वडील मला देत. बी बाजूला, शेवटून दुसरं किंवा तिसरं. मला नोकरी लागली, लग्न होऊन मी चिखलीला आले, शाळेत पोरांना बाराखडी शिकवायला लागले. कार्यक्रमांना जाणं आधी कमी झालं, मग थांबलं. कॅसेटी मात्र मी एकूण एक जपल्या.

आणखीही एक छंद मला त्याच काळात लागला. मी निवडक गाण्यांच्या कॅसेटी विकत घ्यायला लागले. एखाद्या गायकाच्या साऱ्या आयुष्यातली दहा-बारा गाणी एकत्र, एखाद्या पार्टीची गाजलेली गाणी, एखाद्या संगीतकाराच्या उत्तम चाली. चिखलीच्या बाजारात एका दुकानात त्यांचा एक वेगळा खण होता, महिन्याचा पहिला रविवार मी त्या खणासमोर घालवायचे. लोकांना अशा कॅसेटी आवडतात कारण सगळी चांगली गाणी एका जागी सापडतात. मला आवडायच्या त्या वेगळ्या कारणाने. मी आधी यादी वाचायचे आणि काय वगळलंय ते शोधायचे. दोघींनी मिळून गाणाऱ्या बहिणी असतील तर कुणाची किती घेतली ते मोजायचे. ए बाजूचं पहिलं गाणं कुणाला मिळालं, बी बाजूचं शेवटचं कुणाच्या पदरात पडलं. कोरसमधल्या एखाद्या बाईला सबंध कॅसेटमध्ये एकही गाणं मिळालेलं नसलं की मला तिच्याबद्दल आपुलकी वाटायची. तरी सगळ्यांत आवडती कॅसेट होती ती एका जुन्या गायिकेची. तिच्या शेवटच्या काळातली, आवाज थकल्यानंतरची गाणीही तिच्यात घेतली होती. ती थकलेली गाणी मी पुन्हा पुन्हा लावायचे. मोठ्या गायिकेचा आवाज चिरकताना ऐकून मला बरं वाटायचं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं खरं.

मग सीडी आल्या, मोबाइल आले, मेमरी कार्डात हजार गाणी मावायला लागली. पार्टी आपोआप मोडली. वडील गेले. वहिनी गावातल्याच अंगणवाडीत मदतनीस झाली, पोरांची खिचडी शिजवायला लागली. दादा शेती बघतो, ढोलक खुंटीला आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची, दादाची मुलगी, पुण्याहून आली. ती तिथे कॉम्प्युटरवरचं काम करते. चिखलीला माझ्याकडे दोन दिवस राहायला आली ती एक छोटं यंत्र घेऊनच. कॅसेट त्याच्यात घातली की गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरतं.

"आत्या, मला आजोबांच्या सगळ्या कॅसेटींमधून बारा गाणी काढायचीत," ती म्हणाली. "निवडक बारा. साफ करून इंटरनेटवर टाकणार, आणि पेन ड्राइव्हवर सगळ्या नातेवाइकांना देणार. घरी एकही कॅसेट धड नाही."

ते मला ठाऊक होतं. ही पोरगी दोन वर्षांची असताना तिनेच तोवर निघालेल्या दोन-तीन कॅसेटींची फीत ओढून अंगणात पसरली होती. उरलेल्या घराची टिनं बदलताना गेल्या. नऊच्या नऊ कॅसेटी आता फक्त माझ्या कपाटात होत्या.

"अन् निवड तूच कर," ती म्हणाली. "तुझ्याइतकी ती गाणी कुणी ऐकलेलीच नाहीत. आईला विचारलं तर ती म्हणते, काहीही घे, सारी सारखीच हायेत."

सारी सारखीच. पुन्हा एकदा ते "असंच".

भाची गावाला गेली आणि मी कामाला लागले. मे महिना होता, कूलरच्या आवाजात गाणं नीट ऐकू येईना म्हणून तो बंद करून घामाघूम होऊन बसायचे. एकेक कॅसेट पेन्सिलीने घट्ट करायची, प्लेअरमध्ये घालायची, वहीत टिपायची. नऊ कॅसेटी, बहात्तर गाणी. वहिनीची सर्वांत जास्त. माझी नऊ. मी माझी नऊ आधी ऐकली, मग तिची. मग पुन्हा माझी. चार दिवसांनी यादी झाली. बारा गाण्यांत माझी पाच, वहिनीची चार, वडिलांची दोन आणि एक सगळ्यांनी मिळून म्हटलेलं.

पाटीचं गाणं त्यात नव्हतं.

मी भाचीला फोन केला. "पहिल्या कॅसेटची फीत खराब झाली गं. गुंडाळली जाते."

"मी जोडते ना. तू नुसती ठेव."

"फेकली मी."

ती मग म्हणाली, "अगं, पण आईचं पाटीचं गाणं त्यातच होतं."

आईचं पाटीचं गाणं. कॅसेट त्या वेळी माझ्या कपाटात, हळदीच्या पैठणीच्या घडीत होती. मी म्हणाले, "हो गं, वाईट वाटलं मलाही."

दोन दिवसांनी यादी घेऊन मी गावाला गेले. सकाळची वेळ, ओट्यावर दादा, भाची आणि वहिनी. वहिनी मेथीची जुडी सोडून पानं खुडत होती. मी एकेक गाणं वाचलं. दादा प्रत्येक गाण्याला मांडीवर ठेका धरून "हाव, हे पायजेच," म्हणत होता. यादी संपली तरी त्याचा हात मांडीवरच होता.

"अन् पाटीचं?"

"कॅसेट खराब झाली दादा."

तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. वेळ पाण्याची नव्हती. भाचीही यंत्राची वायर गुंडाळत आत गेली. मी वहिनीकडे बघितलं. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच एवढी उन्हातान्हाची आले होते. तिचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. तीस वर्षांत एकदा.

ती मेथीच खुडत होती. मग खाली बघतच म्हणाली, "बरं झालं ताई, ते नाई घेतलं ते."

"काऊन वयनी?"

"मले त्या गान्याची लाज वाटते. कुठं लाग्लं का मी उठून जाते."

मला वाटलं ती माझी समजूत काढते आहे. किंवा तिला सगळं कळलंय आणि ती मला टोचते आहे. पण तिच्या आवाजात तसं काही नव्हतं. ती एखादं बिघडलेलं कालवण सांगावं तसं सांगत होती.

"त्यात माही मोठी चूक हाय ना. शेवटच्या डावाले जथी 'अक्षर' येते, तथी माहा दम तुटला. पोटात ही पोट्टी, सकाळपासून पान्याचा घोट ठरत नव्हता. 'अक्ष' म्हनलं अन् दम घ्या लागला, मंग 'र' म्हनलं." तिने काडी मोडून बाजूला टाकली. "आता सांगा ताई, गानं म्हनते अक्षर फुटत नाई, अन् मी तेच फोडलं. तुमचं कसं अख्खं यायचं. मी झांज घेऊन मागं बसायची तं आयकायची ना."

मी म्हणाले, "बाबाले सांगायचं होतं तेव्हाच."

"सांगतलं होतं. म्हनलं, मामाजी, पुन्हा म्हनते. ते म्हने राहू दे."

"काऊन राहू दे?"

"काय मालूम. इतकंच म्हने."

मी दुपारच्या जीपने परत आले. घरी आल्या आल्या पैठणीतून कॅसेट काढली आणि गाणं लावलं. मला चूक ऐकू आली नाही. पुन्हा लावलं. नाही. तिने सांगितलेली जागा मी डोळे मिटून, बोटांवर ठेका मोजत ऐकली, आणि पाचव्यांदा कुठे मला ते सापडलं. "अक्ष", मग केसाएवढी फट, त्या फटीत एक लहानसा श्वास, आणि मग "र".

ती जागा मला पाठ होती. ती चूक आहे हे मात्र मला तीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. मला वाटायचं ती तिच्या गळ्याची हरकत आहे, मुद्दाम घेतलेली, शिकून न येणारी. तिथे आल्यावर दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा आणि काटा आल्याचा मला राग यायचा. एवढंच नाही. शाळेत परिपाठाच्या वेळी मी हे गाणं पोरांना शिकवते तेव्हा मी ती जागा तशीच घेते. अक्ष, फट, र. घरी भांडी घासताना मी ती कितीदा घोटली असेल. माझ्या वर्गातून शिकून गेलेली सारी पोरं ते अक्षर तसंच फोडतात. ज्या चुकीची वहिनीला लाज वाटते, ती मी आयुष्यभर तिच्याकडून चोरत होते, आणि चोरूनही ती मला साधली नव्हती.

आवाज तिचा चांगला, हे मी फार पूर्वीच मनात मान्य करून टाकलं होतं. आवाज काय, देणगी असते, त्यात तिचं कर्तृत्व काय, असं म्हणून मी तेवढ्यापुरती सुटका करून घेत असे. कान मात्र माझाच तिखट, ऐकावं मीच, निवडावं मीच. तेवढा एक कोपरा मी स्वतःसाठी राखला होता. त्या दुपारी तोही गेला. खिचडी शिजवणाऱ्या, "सारी सारखीच हायेत" म्हणणाऱ्या बाईला आपल्या एका श्वासाची चूक तीस वर्षं ऐकू येत होती. मी बहात्तर गाणी वहीत टिपून बसले होते, आणि मला ती ऐकू आली नव्हती.

संध्याकाळी भाचीला फोन केला. "कॅसेट सापडली."

"तू फेकली म्हणाली होतीस."

"खोटं बोलले."

मी कारण सांगितलं नाही. तिला ते कळलं असावं, कारण नंतर बराच वेळ ती माझ्याशी जरा जपूनच बोलत होती, जसं आपण चक्कर येऊन गेलेल्या माणसाशी बोलतो.

पण आता वहिनीच अडून बसली. नको म्हणजे नको. मी पुन्हा गावाला गेले, तिच्यासमोर बसले आणि ते गाणं घ्यावं म्हणून तिची विनवणी केली. बघणाऱ्याला वाटलं असतं, नणंद किती मोठ्या मनाची. तसं काही नव्हतं. त्या गाण्याशिवाय यादी वाचली की माझा हात स्पष्ट दिसत होता, हे एक. आणि दुसरं असं, की आता मला त्यातली चूक माहीत होती. चूक आहे असं ठाऊक असलेलं गाणं मला पुढे जाऊ देणं सोपं वाटत होतं.

शेवटी वहिनी म्हणाली, "मंग एक करा. माह्या आवाजातलं टाकता तं तुमच्या आवाजातलं बी टाका."

"माह्या आवाजात ते भरलंच कुठं?"

"मंग आता म्हना. ही पोट्टी भरते."

भाचीने मागच्या खोलीची खिडकी बंद केली, पंखा बंद केला, माईक माझ्यासमोर धरला. दादाने खुंटीवरून ढोलक काढलं, त्याची दोरी आवळली. मी गायले. पाणी न पिता, बसून, वडील बसवायचे तसं ताठ बसून. वहिनी दाराशी उभी होती. संपल्यावर ती लगेच म्हणाली, "पाहा, कसं अख्खं आलं!"

भाचीने ते लावून दाखवलं. अक्षर खरंच सलग आलं होतं. बाकी काही आलं नव्हतं. बावन्न वर्षांच्या बाईंनी परिपाठाला म्हणावं तसं ते गाणं होतं, आणि त्या काचेपलीकडच्या माणसाने हे मला कधीच सांगितलं होतं. मी भाचीला म्हणाले, "पुस ते."

"राहू दे ना आत्या, तुझ्यासाठी."

"पुस म्हटलं ना."

तिने माझ्यादेखत पुसलं. वहिनीची अट राहिली ती राहिलीच, पण तिने पुन्हा विषय काढला नाही. बारांत जागा करायला मी माझं एक गाणं काढून टाकलं. पाटीचं गाणं मी सहावं लावलं होतं, मधोमध, नजरेत येणार नाही असं. भाचीने मला न विचारता ते पहिलं केलं. मीही मग विचारलं नाही.

आमची बारा गाणी पावसाळ्याच्या तोंडाशी निघाली. भाचीच्या पुण्यातल्या मैत्रिणी आधी उच्चारांना हसल्या आणि मग त्यांनीच ती पुढे पाठवली, असं ती सांगते. इकडे तर ती फोनाफोनी पसरली. जीपवाले लावतात, चिखलीच्या एका पिठाच्या गिरणीत मी ती ऐकली. माझ्या चार गाण्यांपैकी एकही अजून मला बाहेर कुठे ऐकू आलेलं नाही. मी लक्ष ठेवून आहे.

या वर्षी फेब्रुवारीत चिखलीलाच एका लग्नाला गेले होते. माझ्या शाळेतल्या बाईंच्या घरचं लग्न, त्यामुळे नात्यातलं तिथे कुणी नव्हतं. जेवणाच्या मंडपात स्पीकरवर आमची गाणी लागली होती. मी शिक्षिकांसोबत पंगतीत बसले होते. शेजारी जांभळ्या साडीतली एक अनोळखी बाई होती. तिने मला गाव विचारलं, मी सांगितलं. माहेरचं आडनाव विचारलं, तेही सांगितलं. ती एकदम वळली.

"म्हणजे ही पार्टी तुमच्या घरची?"

"हो."

"अन् हा आवाज?" तिने हात वर, स्पीकरकडे केला. वहिनी गात होती, पाटीचं नव्हे, दुसरं कुठलं तरी. "हा तुमचा आवाज ना ताई?"

उत्तर द्यायला वेळ होता. वाढपी आमच्यापर्यंत यायचा होता. मी नाही म्हणू शकले असते, माझ्या वहिनीचा म्हणू शकले असते, तेवढ्यानेही त्या बाईच्या नजरेत माझं थोडं वजन वाढलंच असतं.

"हो," मी म्हणाले.

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तिची आई शेवटच्या आजारपणात हेच लावायला सांगायची, असं ती सांगायला लागली आणि सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. पलीकडे बसलेल्या आपल्या मुलीला तिने हाक मारली, "इकडे ये, ह्याच त्या!" ती कॉलेजातली मुलगी आली, माझ्या पाया पडली. "दोन ओळी म्हणा ना ताई, इथेच." मी घशाला हात लावला. म्हणाले, थंडीने आवाज बसलाय. त्यांनी लगेच ऐकलं. माझ्यासाठी गरम पाणी मागवलं. तो पेला मी दोन्ही हातांत धरून प्यायला लागले, आणि सोबतच्या शिक्षिका माझ्याकडे बघत होत्या. वहिनी कोण, मी कोण हे त्यांच्यापैकी एकीला तरी पक्कं ठाऊक आहे. ती ताटातली बुंदी बोटाने गोळा करत राहिली.

निघताना त्या मायलेकींनी मला मध्ये उभं करून फोटो काढला. मुलगी म्हणाली, "ताई, हसा ना." मी हसले.

वहिनीला मी अजून हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती काय म्हणेल, ते मला माहीत आहे. "जाऊ द्या ताई, एकच तं हाय," असं म्हणेल, आणि पुढ्यातलं काम करत राहील. तिला त्याचं काहीच वाटणार नाही. म्हणूनच मी सांगत नाही.

तो फोटो त्या मुलीच्या फोनमध्ये असेल. तिने तो कुणाकुणाला पाठवलाही असेल. मी त्यात चांगली हसलेली असणार. त्या क्षणी मला खरंच खूप आनंद झाला होता.